कोड, उपचार आणि ‘मनाचे सौंदर्य’

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचे वय सत्तावीस आहे. चार वर्षांपासून डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि हातांच्या बोटांवर पांढरे कोड आहे. डाग गेल्याशिवाय स्थळे पाहायची नाहीत, असे आईचे म्हणणे आहे. मामा म्हणतात की खरे सौंदर्य मनाचे असते, डागांचा विचारच सोडून दे. आणि त्यांनी तुम्हाला चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हा अभंगही पाठवला आहे. आंतरिक आणि बाह्य सौंदर्य म्हणजे नेमके काय, आणि मन सुंदर असणे पुरेसे असेल तर त्वचेच्या उपचारांमागे लागणे हा उथळपणा ठरतो का, असे तुम्ही विचारले आहे.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे; सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु कोडाचे रुग्ण बरीच वर्षे पाहत आल्यामुळे एवढे निश्चित सांगू शकतो की तुमची अडचण व्याख्येची नाही. आई आणि मामा परस्परविरुद्ध बोलत आहेत असे वरवर वाटते, पण दोघांचे गृहीतक एकच आहे: कोड ही तुमच्या खात्यावरची तूट आहे. आईला ती औषधाने भरून काढायची आहे, मामांना सद्गुणांनी. या दोघांच्या मध्ये उभ्या राहून तुम्ही विचारत आहात की उपचारांची इच्छा धरण्याची मला मुभा आहे का. ती मुभा तुम्हाला आहे, आणि त्यासाठी मनाचे सौंदर्य कमी पडल्याची कबुली देण्याची काहीही आवश्यकता नाही. असे मी का म्हणतो, ते क्रमाने सांगतो.

आधी बाह्य रूपाकडे पाहू. त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशींची संख्या गोऱ्या, सावळ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक असतो तो या पेशी तयार करतात त्या रंगकणांच्या आकारात, प्रमाणात आणि मांडणीत. कोडामध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारयंत्रणा या पेशींवर चाल करून जाते, आणि त्या जागी रंग बनवणारी पेशीच उरत नाही. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असते, म्हणजे दोनशे माणसांच्या पंगतीत एक ते चार जण. हा दुर्मीळ आजार नाही. फक्त आपल्याकडे अनेक जण तो पूर्ण बाह्यांच्या कपड्यांखाली झाकून वावरतात.

यात एक विसंगती आहे, आणि ती मला दरवेळी खटकते. ज्या देशात १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि २०२० साली नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ होईपर्यंत त्याच नावाने घरोघरी पोहोचली, ज्या देशातल्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण अजूनही आढळते, त्याच देशात त्वचेवरच्या पांढऱ्या डागाची इतकी धास्ती असावी हे नुसत्या रंगाच्या आवडीनिवडीने समजावता येत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तिथे दोन गोष्टी खुपतात. एक म्हणजे विरोध: सावळ्या त्वचेशेजारी पांढरी त्वचा, त्यामुळे नजर तिथे थांबते. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती डोक्यात आधीपासून असते. हे पसरते का, हा कुष्ठरोग तर नव्हे, घराण्यात काही आहे का, मागच्या जन्मीचे काही पाप आहे का, दुधाबरोबर मासे खाल्ले होते का. मी माझ्या मनाशी या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या ठेवतो, कारण पहिलीवर माझ्याकडे काही उपाय आहेत, आणि दुसरीवर कोणतेही मलम चालत नाही.

या दुसऱ्या गोष्टीचा निकाल थोडक्यात लावता येतो. कोड स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शरीरसंबंधाने पसरत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने ते होते असे मानण्यास काहीही पुरावा नाही. आंबट आणि पांढरे पदार्थ वर्ज्य करून रुग्ण फक्त अशक्त होतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्शाची जाणीव कमी झालेली असते आणि तो सहसा खडूसारखा पांढराशुभ्र नसतो. कोडाच्या डागावर जाणीव पूर्ण शाबूत असते. शिवाय कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, त्यामुळे त्याचा धाक घालणेही कालबाह्य झाले आहे. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते, तेसुद्धा २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. कोड हे त्या यादीत कधी नव्हतेच. लोकांच्या मनात मात्र दोन्ही आजार एकाच कप्प्यात पडलेले आहेत. ‘कोडामुळे मुलगी कुरूप दिसते’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यातला मोठा भाग सौंदर्यदृष्टीचा नसून चुकीच्या माहितीचा असतो, आणि त्याचा भार तुम्ही स्वतःच्या चेहऱ्यावर घेण्याचे कारण नाही.

तरीही ‘लोक काय म्हणतील याचा विचार सोडा’ असे मी सांगणार नाही. बाह्य रूपावरून आतल्या माणसाचा अंदाज बांधण्याची सवय मनात फार खोलवर असते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले, तेव्हा ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांतही चढे गुण मिळालेले आढळले. १९७२ साली डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना अनोळखी व्यक्तींची छायाचित्रे दाखवली; जे चेहरे देखणे, त्यांचा स्वभाव चांगला असेल आणि संसारही सुखाचा होईल, असे विद्यार्थ्यांनी गृहीत धरले. हाती फक्त छायाचित्र होते. म्हणजे आंतरिक आणि बाह्य सौंदर्य वेगळे आहे असे सगळेच म्हणतात, पण ते वेगळे पाहण्यासाठी कष्ट घ्यावे लागतात आणि बहुतेक माणसे ते घेत नाहीत. कोड असलेल्या व्यक्तीला याचा उलट अनुभव येतो. डाग दिसला की तिच्या अंतरंगाबद्दलही काहीतरी उणे गृहीत धरले जाते. निदान कीव तरी केली जाते, आणि कीव हाही एक अंदाजच आहे.

मग आंतरिक सौंदर्य म्हणजे काय? माझ्या समजुतीप्रमाणे ते माणसाच्या वागण्यात दिसते, आणि तेही जिथे चांगले वागण्याची सक्ती नसते तिथे: खरे बोलण्यात, दुसऱ्याची अडचण न सांगता ओळखण्यात, स्वतःवर अन्याय झाला तरी तो दुसऱ्यावर न काढण्यात. सोशिकपणा आणि गोड बोलणे यांना मी त्यात धरत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कोड असलेल्या मुलींकडून घरचे लोक नेमकी याचीच अपेक्षा करतात. रूपात उणे आहे, तर स्वयंपाकात, कमाईत आणि शांतपणे ऐकून घेण्यात तरी अधिक असले पाहिजे, असा हा हिशेब असतो. अशा मुली माझ्यासमोर बसतात तेव्हा बऱ्याचदा त्या आजाराने थकलेल्या नसतात. सतत गुणी राहण्याने थकलेल्या असतात. आजार माणसाला अधिक चांगले बनवतो हेही मला तितकेसे पटत नाही. माझ्या रुग्णांत अत्यंत उदार माणसे आहेत, तशीच कंजूष आणि भांडखोर माणसेही आहेत, आणि त्यांच्या डागांच्या आकाराशी याचा काही संबंध मला तरी आढळलेला नाही.

मामांनी पाठवलेल्या अभंगाकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. चोखामेळा हे चौदाव्या शतकातले संत. जन्माने महार ठरवले गेल्यामुळे ज्या विठ्ठलाची भक्ती केली त्याच्याच देवळात त्यांना प्रवेश नव्हता. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हे शब्द त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले आहेत? उसाला नव्हे. तू वाकडा असलास तरी मन गोड ठेव म्हणजे चालेल, अशी समजूत त्यात कोणी उसाची काढलेली नाही. वरच्या रंगाला भुलून रसाकडे दुर्लक्ष करणाऱ्याला तो सवाल आहे. मामांचा हेतू चांगलाच आहे याविषयी मला शंका नाही, पण अभंग पाठवायचाच असेल तर तो डाग पाहून नकार कळवणाऱ्यांच्या पत्त्यावर जायला हवा. तुम्हाला तो उपदेश म्हणून लागू होत नाही, आणि उपचार न घेण्याचे कारण म्हणून तर मुळीच नाही.

आता उपचारांविषयी, कारण निर्णय तिथे घ्यायचा आहे. त्वचा कशी दिसावी याविषयी इच्छा असणे यात मला उथळ काही दिसत नाही. दात वाकडे असतील तर आपण तार लावतो, तेव्हा कोणी चारित्र्याचा प्रश्न उपस्थित करत नाही. रुग्णाला मी विचारतो ते एवढेच, की या डागांमुळे तुम्ही काय करायचे थांबवले आहे. याचसाठी १९९४ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आम्ही भरून घेतो. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे संकोच किती वाटला, कपड्यांची निवड बदलली का, कामात आणि जवळच्या नात्यांत अडथळा आला का, असे तिचे स्वरूप आहे. डागांचे क्षेत्रफळ आणि मनाचा त्रास यांचे प्रमाण पुष्कळदा जुळत नाही, हे तिच्यातून लगेच दिसते. पाठभर कोड असलेला शेतकरी निवांत असतो आणि ओठाच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा डाग असलेली शिक्षिका वर्गात तोंडासमोर वही धरून शिकवते. दोघांना एकच सल्ला देता येत नाही. तुमचे उत्तर ‘काहीच थांबवलेले नाही’ असे असेल, तर उपचार न घेणे हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे. ‘फोटो काढून घेत नाही, हात टेबलाखाली ठेवते’ असे असेल, तर उपचार घेणे तितकेच योग्य आहे.

किती बरे होईल हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तपासल्याशिवाय कोणीही ते सांगू नये. डाग अजून वाढत आहेत की स्थिर आहेत, ते शरीराच्या दोन्ही बाजूंना आहेत की एकाच पट्ट्यात, डागावरचे केस काळे आहेत की पांढरे झाले आहेत, हे पाहावे लागते. केसांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्वचेतला रंग परत येतो तो बहुतांशी केसांच्या मुळांशी राखीव राहिलेल्या रंगपेशींतून. म्हणूनच उपचारांना प्रतिसाद मिळू लागला की पांढऱ्या डागात केसांभोवती तपकिरी ठिपके उमटतात आणि हळूहळू एकमेकांना मिळतात. चेहऱ्यावर बारीक लव भरपूर असते, त्यामुळे डोळ्यांभोवतीच्या डागांकडून चांगली अपेक्षा ठेवता येते. ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर केसच नसतात, त्यामुळे तिथे औषधे बहुधा कमी पडतात. तुमच्याच शरीरावरच्या दोन डागांचे भवितव्य असे वेगवेगळे असू शकते, आणि त्यात तुमच्या प्रयत्नांची किंवा श्रद्धेची कसोटी नसते.

माझी पद्धत साधारण अशी आहे. चेहऱ्यावर टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइडविरहित मलम, जोडीला ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचे उपचार, आठवड्यातून दोन ते तीन वेळा. तीन महिने होण्याआधी निष्कर्ष काढू नये आणि पूर्ण परिणामासाठी वर्षभराची तयारी ठेवावी. म्हणूनच किरणोपचाराचे केंद्र घरापासून किती लांब आहे आणि नोकरीतून तेवढी सवड मिळते का, हा प्रश्न मी औषधाच्या नावाइतकाच महत्त्वाचा मानतो. डाग वेगाने वाढत असतील तर ते थांबवण्यासाठी काही काळ आठवड्यातून सलग दोन दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात, पण त्या फक्त देखरेखीखाली. ओठांसारख्या ठिकाणी, डाग निदान वर्षभर स्थिर असतील तर, मांडीसारख्या झाकलेल्या भागातली निरोगी त्वचा किंवा तिच्यातल्या पेशी घेऊन प्रत्यारोपण करता येते. बोटांच्या सांध्यांवर मात्र त्याचेही यश बेभरवशाचे असते. कोडासोबत थायरॉइडचे विकार इतरांपेक्षा अधिक आढळतात, म्हणून ती रक्ततपासणी एकदा करून घ्यावी. उन्हात जाताना सनस्क्रीन लावल्याने भोवतालची त्वचा रापत नाही आणि डाग उठून दिसणे कमी होते; हा सर्वांत स्वस्त उपाय बहुतेकांना कोणी सांगितलेलाच नसतो. त्याचप्रमाणे कातडीला वारंवार घासणारी किंवा इजा करणारी वस्तू टाळावी, कारण इजेच्या जागी नवे कोड उमटू शकते. काही चिकटटिकल्यांच्या गोंदात आणि काही रबरी वस्तूंत रंगपेशींना मारक रसायने असतात. कपाळावर टिकलीच्याच जागी डाग दिसू लागला तर टिकली त्याच दिवशी बंद करावी.

‘शंभर टक्के हमी’ देणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. बावचीच्या बियांत त्वचेला उन्हासाठी अतिसंवेदनशील करणारे द्रव्य खरोखरच असते, त्यामुळे त्या पारंपरिक उपायामागे काही आधार नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मात्रेचा अंदाज नसताना ते तेल लावून उन्हात बसलेल्या रुग्णांच्या अंगावर मोठमोठे फोड आलेले मी पाहिले आहेत, आणि भाजलेल्या त्वचेवर पुन्हा कोडच वाढते.

डाग झाकणाऱ्या प्रसाधनांबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारले आहे की ते लावणे म्हणजे फसवणूक होईल का. तुमच्या संपूर्ण प्रश्नातला हा मला सर्वांत खरा भाग वाटला. पाण्याने न उतरणारी, त्वचेच्या छटेशी जुळणारी प्रसाधने मिळतात. कार्यालयात, प्रवासात किंवा समारंभात ती लावली तर तुम्ही कोणालाही फसवत नाही; आपल्या आजाराचा खुलासा प्रत्येक सहप्रवाशाला देण्याचे बंधन कोणावरही नाही. मात्र जिथे समोरची व्यक्ती तुमच्याविषयी आयुष्यभराचा निर्णय घेणार आहे तिथे डाग झाकून बसणे वेगळे, कारण तिथे प्रसाधन चेहऱ्यावर लागत असले तरी झाकली जाते ती माहिती. आंतरिक आणि बाह्य सौंदर्याचा खरोखरच एकमेकांशी संबंध येतो तो मला अशा जागी दिसतो: तुमचा चेहरा कसा आहे यात नव्हे, तर त्याबद्दल तुम्ही कोणाला, केव्हा आणि किती मोकळेपणाने सांगता यात.

म्हणून प्रत्यक्ष भेटीआधी, फोनवरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या बोलण्यात, तुम्ही स्वतः सांगावे असे मी सुचवीन. मध्यस्थावर सोपवले की ‘थोडे डाग आहेत, औषध चालू आहे, जातील’ असे काहीतरी अर्धवट पोहोचते. तुमच्या तोंडचे एक सरळ वाक्य पुरे: मला कोड आहे, ते संसर्गजन्य नाही, चेहऱ्यावर आणि हातांवर आहे, आणि मी उपचार घेत आहे किंवा घेत नाही. ‘मुलांना होईल का’ हा प्रश्न येणारच, आणि तो विचारणारा माणूस वाईटच असतो असे नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो. जवळच्या नातेवाइकांत प्रमाण सामान्यांपेक्षा जास्त, साधारणपणे शंभरात पाच-सात एवढे आढळते. म्हणजे बहुसंख्य अपत्यांना ते होत नाही. हा आकडा लपवूही नये आणि त्याबद्दल क्षमाही मागू नये. यानंतर जे नकार येतील ते लवकर येतील, आणि ते वाईट वाटणारच. पण लग्नानंतर उघड झालेल्या गोष्टीवरून घरात जे चालते ते मी रुग्णांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहे, त्यापुढे हे नकार परवडतात.

आईच्या अटीबद्दल शेवटी. ‘आधी डाग, मग लग्न’ हा क्रम मला वैद्यकीय कारणासाठी अमान्य आहे. कोड अमुक तारखेला संपले असे म्हणता येत नाही. पूर्ण रंग आल्यावरही उपचार थांबवल्यानंतर वर्षभरात अनेकांना काही डाग परत येतात, आणि ते टाळण्यासाठी आठवड्यातून दोनदा मलम चालू ठेवावे लागते. अशा आजाराच्या अखेरीवर आयुष्यातल्या दुसऱ्या गोष्टी टांगून ठेवल्या तर त्या टांगलेल्याच राहतात. उपचार आणि स्थळे पाहणे एकाच वेळी चालू ठेवण्यात वैद्यकीयदृष्ट्या कोणतीही अडचण नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले आईला अधिक पटेल, म्हणून पहिल्या भेटीला त्यांना सोबत न्यावे आणि बाहेर न बसवता आत बसवावे. जाताना गेल्या चार वर्षांतली, शक्यतो डाग स्पष्ट दिसणारी छायाचित्रे तारखांसह न्यावीत, म्हणजे डाग स्थिर आहेत की नाहीत हे ठरवणे सोपे होईल. डोळ्यांभोवती आजवर कोणकोणती मलमे किती काळ लावली हेही लिहून न्यावे, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली धरून. कारण त्यांत तीव्र स्टिरॉइड असेल तर डोळ्यांतला दाब तपासून घेतल्यावरच पुढचे औषध ठरवावे लागेल.